काटा नंबर दोनची हाक

मी सत्यभामाताईंच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. निःपक्षपाती लिखाण हवं असेल तर दुसरीकडे बघा. रायपूरच्या चौबे कॉलोनीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे आणि तिथे मी एकोणीस वर्षं फोन उचलते आहे. ट्रक तोलायच्या मोठ्या काट्यांसाठी आमची कंपनी प्रोग्राम बनवते. काटा बिघडला की मला फोन, ऑपरेटरचं डोकं बिघडलं तरी मलाच फोन. एवढी वर्षं लोकांची बोलणी खाल्ल्यावर एखाद्याची बाजू घ्यायचा हक्क माणसाला मिळतो, असं मला वाटतं.

तो प्रोग्राम सत्यभामा रंगारी यांनी लिहिला. एकटीने, १९९८ साली. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘आमच्या कुशल चमूने विकसित केलेला’ असं छापलं आहे. चमू म्हणजे सत्यभामाताई, एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणि एक टेबलफॅन. फॅन अजून चालू आहे.

काट्यावर काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढे सगळं त्यावरच आहे. ट्रक लोखंडी पत्र्यावर चढतो. ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरतो, कारण तो आत बसला तर त्याचंही वजन मालात धरलं जातं. आकडे थोडे हलतात, मग थांबतात. केबिनमधला ऑपरेटर बटण दाबतो, वजन पक्कं होतं, आणि खिडकीतला जुना प्रिंटर टर्र-टर्र करत पावती छापतो. ड्रायव्हर पावती घेतो, गाडीत चढतो, पुढची गाडी येते. रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांत, तिल्द्याच्या राइस मिलांत, असे एकसष्ट काटे ताईंच्या प्रोग्रामवर चालतात.

माझ्याकडे तक्रारींची वही आहे. त्यात सगळ्यांत जास्त वेळा आलेली तक्रार अशी: ‘प्रिंटर बंद. लाइन लागली.’ मी सांगायची, पावती हाताने लिहून द्या. ते म्हणायचे, हव दीदी, म्हणजे हो. अर्ध्या तासाने पुन्हा फोन: हाताने लिहून देतोय, तरी लाइन लागलीच आहे. मी वहीत पुढे लिहायची, ‘ऑपरेटर आळशी.’ असं मी किती वेळा लिहिलं असेल ते विचारू नका. त्याची शिक्षा मला पुढे मिळाली.

ताई रायपुरातल्याच गुढियारीच्या. वडील धर्मपाल रंगारी भंडाऱ्याकडून इथे आले आणि गुढियारीच्या धान्य गोदामांत मापाडी झाले. पोतं काट्यावर ठेवायचं, वजन बघायचं आणि मोठ्याने हाकारायचं. त्या हाकेशिवाय कुणी हलत नसे. हमाल पोत्याला हात लावत नसे, मुनीम कागदावर टाक टेकवत नसे, माल आणणारा शेतकरी मान हलवत नसे. त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, पण धर्मपालांनी वजन चार माणसांत ओरडून सांगितलं म्हणजे ते झालं, त्यात फिरवाफिरव नाही. चाळीस वर्षं त्यांनी घसा फोडला. आज त्यांचं वय ऐंशी आहे आणि ते फोनवर बोलतात तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मला दोन्हीकडचं संभाषण ऐकू येतं.

मुलीला त्यांनी पॉलिटेक्निकला घातलं. मुलगी शिकली, आमच्या कंपनीचे मालक श्यामकांत पिंपळापुरे यांच्याकडे नोकरीला लागली आणि पहिले तीन महिने ऑफिसात बसलीच नाही. सिलतऱ्याला काट्यावर जाऊन बसली. त्या वेळी तिथे बाईमाणूस म्हणजे नवल. ड्रायव्हर येऊन बघून जात. तीन महिन्यांनी ताईंनी प्रोग्राम लिहायला घेतला, आणि तो असा लिहिला की सत्तावीस वर्षांत मूळ कामात कुणी चूक काढली नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला, मलाही सापडली नाही.

तर मागच्या वर्षी पावसाळा सरल्यावर आमच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाने, सिलतऱ्याच्या एका कारखान्याने, बैठकीला बोलावलं. कारखान्याचं नाव मी सांगणार नाही, तिथे अजून माझे फोन जातात. श्यामकांत सर, सत्यभामाताई आणि टिपणं घ्यायला मी, असे तिघे गेलो. समोर अनिमेष नावाचा तरुण होता. रायपूरचाच, बंगाली, बंगळूरला राहून आलेला. कारखान्यासाठी त्याची कंपनी नवं ॲप बांधत होती. गेटवरचा पहारेकरी, लॅबवाला, मॅनेजर, ड्रायव्हर, सगळे एकाच ॲपवर. गेटच्या कॅमेऱ्यावाल्यांनी, हजेरीच्या मशीनवाल्यांनी, लॅबच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी आपापले इंटरफेस नव्या पद्धतीचे करून दिले होते. आम्हीच तेवढे उरलो होतो.

इंटरफेस म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायची ठरलेली रीत. बँकेत आपण खिडकीतून विचारतो आणि खिडकीतून उत्तर येतं, तिजोरीपर्यंत कुणी जात नाही, तसं. आमची खिडकी १९९८ची. त्याच कॉम्प्युटरमध्ये बसलेल्या प्रोग्रामलाच तिच्यातून उत्तर मिळायचं. आजकाल ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यांवर, ॲप बांधतात त्यांना ती भाषाच येत नाही, ती नेटवरून विचारतात आणि नेटवरून उत्तर मागतात.

अनिमेष नम्रपणे बोलत होता, हे मान्य केलं पाहिजे. “मैडम, बुरा मत मानिए, आपका सिस्टम बहुत पुराना है. लेगसी. हमारे पास वेट का अपना मॉड्यूल तैयार है, वही लगा देते हैं.”

माझा पारा चढला. ‘लेगसी’ हा शब्द त्याने असा उच्चारला की जणू माळ्यावरच्या फुटक्या घमेल्याबद्दल बोलतोय. आणि श्यामकांत सर मान डोलवायला लागले! मला सरांचा राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

सत्यभामाताई म्हणाल्या, “मले सहा हप्ते द्या. नवा इंटरफेस मी बनवून देते.”

“सत्यभामाबाई, अहो, या वयात आता कशाला हा उपद्व्याप?” सर म्हणाले. “त्यांचं तयार आहे तर घेऊ द्या ना. आपण बाकीचे काटे सांभाळू.”

“सर, इथून गेलं की बाकीच्या काट्यांवरूनही जाईन. हे सारे एकमेकांले पाहूनच चालतात. मंग मी इथं कायले येऊन बसू? पंखा पाहाले?”

कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी मधला मार्ग काढला. सहा आठवड्यांनी काटा नंबर दोनवर एक दिवस चाचणी. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. त्या काट्यावर दिवसाला दोनशेच्या आसपास गाड्या येतात. सहा वाजता फाटकाबाहेर एकही गाडी तोलायची राहता कामा नये. जमलं तर ताईंचा प्रोग्राम राहणार, नाही तर दुसऱ्या दिवशी अनिमेषचं मॉड्यूल बसणार. परतताना ताईंनी वाटेत भाजी घेतली.

एक्कावन्नाव्या वर्षी नवी विद्या शिकणं काय असतं ते मी शेजारच्या टेबलावरून पाहिलं. रोज सकाळी साडेसातला त्या ऑफिसात. कानात हेडफोन, समोर कुणीतरी पंचवीस वर्षांचा मुलगा इंग्रजीत भराभर शिकवतोय आणि ताई दर दोन मिनिटांनी त्याला थांबवून वहीत लिहून घेताहेत. पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, “गंधाली, हे पोट्टे हुशार आहेत. पण एकच गोष्ट करायच्या यांच्या दहा रीती, अन् दर सहा महिन्याले अकरावी.” दुसऱ्या आठवड्यात वहीची पानं फाडून पुन्हा पहिल्यापासून लिहीत बसल्या. त्या आठवड्यात मी घाबरले होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारून स्क्रीन दाखवला. माझ्या मोबाइलवरून मी विचारलं, काट्यावर किती वजन आहे, आणि ऑफिसात ठेवलेल्या चाचणीच्या काट्यावर मी ठेवलेल्या माझ्या डब्याचं वजन मोबाइलवर आलं. मी टाळ्या वाजवल्या. खालच्या दवाखान्यातून कंपाउंडर बघायला आला.

त्यांची एक अट होती आणि ती त्यांनी स्वतःलाच घातली होती. जुनी खिडकी बंद करायची नाही. तिल्द्याच्या मिलमधला कॉम्प्युटर त्यांच्या प्रोग्रामपेक्षाही म्हातारा आहे, तो जुन्याच भाषेत विचारणार, त्याला जुन्याच भाषेत उत्तर मिळालं पाहिजे. नव्याला नव्या, जुन्याला जुन्या. आत वजन एकच. हे सांगायला सोपं आहे. करताना त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

अनिमेषशी रोज फोन व्हायचा आणि रोज खटका उडायचा. एक खटका सांगितलाच पाहिजे. तो म्हणाला, आमचं ॲप दर सेकंदाला तुम्हाला विचारेल, वजन पक्कं झालं का, पक्कं झालं का.

“हर सेकंद पूछने की क्या जरूरत, भैया?” ताई म्हणाल्या. “हुआ कि मैं खुद बता दूँगी. जिसने नाम लिखाया है, सबको.”

“उसमें टाइम लगेगा, मैडम. जरूरी नहीं है.”

फोन ठेवल्यावर सरही म्हणाले, सोडा ते, वेळ कमी आहे. ताईंनी सोडलं नाही. मला म्हणाल्या, “बाबा काय हमालानं विचारायची वाट पाहत बसत होते? तोललं की हाक मारत होते.” आणि त्या सोयीचं नावच त्यांनी ‘हाक’ ठेवलं. वजन पक्कं झालं की इंटरफेसने ‘हाक’ मारायची, ज्याने नाव नोंदवलंय त्याला ती पोचणार. माहितीच्या कागदांत तो शब्द रोमन अक्षरांत वाचून अनिमेष हसला होता. म्हणाला, कुछ प्रोफेशनल नाम रखते हैं. ताई म्हणाल्या, चाचणी झाल्यावर बघू.

चाचणीचा दिवस उजाडला. थंडी नुकती पडायला लागली होती. काटा नंबर दोनच्या केबिनमध्ये आम्ही दाटीवाटीने उभे होतो: ताई, अनिमेष, सर, मॅनेजरसाहेब, मी, आणि खुर्चीत ऑपरेटर लहानू. लहानू ताईंच्याच बोलीचा माणूस, भंडाऱ्याकडच्या तुमसरचा, वीस वर्षं त्याच खुर्चीत. खिडकीतला प्रिंटर काढून टाकला होता. आता कागदाची पावती नव्हती. वजन सरळ ड्रायव्हरच्या मोबाइलवर जाणार होतं.

पहिली गाडी चढली. कॅमेऱ्याने नंबर वाचला, ड्रायव्हर उतरला, आकडे थांबले, लहानूने बटण दाबलं, आणि अनिमेषच्या हातातल्या मोबाइलवर वजन आलं. एक शेरही इकडचा तिकडे नाही. तीन सेकंद लागले. अनिमेषने ताईंकडे बघून अंगठा दाखवला. मी मनात पेढे वाटून मोकळी झाले.

गाडी हलेना.

ड्रायव्हर आपला खाली उभा. हात खिशात, तोंड गाडीकडे. लहानूने खिडकीतून ओरडून सांगितलं, “हो गया, निकालो!” तेव्हा तो दचकला आणि चढला. दुसऱ्या गाडीचंही तेच. तिसरीचा ड्रायव्हर उलट फार लवकर चढला, वजन पक्कं व्हायच्या आतच, त्यामुळे आकडा हलला आणि गाडी पुन्हा मागे घेऊन पुन्हा तोलावी लागली. चौथी तशीच उभी. प्रत्येक गाडीला पाच-पाच मिनिटं. मोबाइलवर वजन येत होतं, पण मोबाइल कुणाच्या गाडीत चार्जिंगला, कुणाच्या खिशात, कुणाच्या मालकाकडे. बाहेर लाल आकड्यांची पाटी आहे, पण आकडे थांबले तरी केबिनमध्ये बटण दाबून वजन पक्कं झालं की नाही ते तिच्यावरून कळत नाही.

अकराला लाइन फाटकापर्यंत गेली, साडेअकराला रस्त्यावर. ओरडून ओरडून लहानूचा आवाज बसला. बाराला मी मोजलं: ऐंशी व्हायला हव्या होत्या, सत्तेचाळीस झाल्या होत्या. मॅनेजरसाहेब घड्याळ बघत होते. सर रुमालाने मान पुसत होते. अनिमेष म्हणाला, “सिस्टम तो ठीक है, ड्राइवर लोगों की ट्रेनिंग का इशू है,” आणि मला वाटलं, संपलं. सत्तावीस वर्षं संपली, आणि तीही प्रोग्रामच्या चुकीने नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

ताई केबिनच्या पायऱ्या उतरून खाली गेल्या. मीही मागोमाग गेले. काट्यावर कोळशाची गाडी होती, शेजारी पन्नाशीचा ड्रायव्हर गमछा गुंडाळून उभा.

“भैया, वजन हो गया. काहून नाही निघून राहिले?” घाईत ताईंच्या तोंडून दोन भाषा एकत्र आल्या.

“हो गया?” तो म्हणाला. “मशीन तो चला नहीं, दीदी.”

“कौन सा मशीन?”

“वही, खिड़की वाला. टर्र-टर्र. वो बोले तब ना हम चढ़ते हैं.”

ताई तिथेच उभ्या राहिल्या. गाडी निघून गेली, पुढची चढली, तरी त्या पत्र्याच्या कडेला उभ्या. मग माझ्याकडे वळल्या. “गंधाली, मी हाक ठेवली. सारं केलं. पण ऐकाले कोणाले देली? मोबाइलले! इथं बाहेर कोणाले ऐकू येते? बाबा चाळीस वर्षं ओरडले अन् मी त्यांची पोरगी, मलेच नाही समजलं!”

आणि मला माझी वही आठवली. ‘प्रिंटर बंद. लाइन लागली.’ हाताने पावती लिहून दिली तरी लाइन का हटत नव्हती, ते मला एकोणीस वर्षांनी कळलं. ड्रायव्हर पावतीसाठी थांबतच नव्हते. ते आवाजासाठी थांबत होते. केबिनकडे न बघता, गाडीकडे तोंड करून, कान देऊन. आळशी ऑपरेटर नव्हता, मी होते. मी ते ताईंना सांगितलं, आणि त्या हसल्या. त्या गर्दीत, त्या धुळीत, सर वरून हातवारे करत असताना त्या हसल्या.

“तो प्रिंटर कुठं आहे?”

स्टोअरमध्ये होता. मी पळत गेले. माझं वजन आणि माझा पळायचा वेग लक्षात घेता हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे. प्रिंटर आणून पुन्हा खिडकीत ठेवला, लहानूने वायर जोडली. ताई कॉम्प्युटरपुढे बसल्या. नव्या इंटरफेसमध्ये हाक तयारच होती, फक्त ऐकणाऱ्यांच्या यादीत आणखी एक नाव घालायचं होतं. त्यांनी छोटासा प्रोग्राम लिहिला: हाक आली की प्रिंटरवर एक ओळ छापायची. तसं पाहिलं तर पाऊण तासाचंच काम. मूळ प्रोग्रामला त्यांनी बोटही लावलं नाही.

अनिमेष म्हणाला, “लेकिन मैडम, कारखाना पेपरलेस जा रहा है. इसमें तो कागज लगेगा.”

“रद्दी लगा देंगे, भैया. पाठकोरी. आपके हिस्से का एक भी नया कागज नहीं जाएगा.”

मॅनेजरसाहेब पहिल्यांदा हसले. “लगाओ,” म्हणाले.

पावणेएकला पहिली गाडी चढली. ड्रायव्हर उतरला, पाठ फिरवून उभा राहिला. आकडे थांबले. लहानूने बटण दाबलं. टर्र-टर्र-टर्र.

ड्रायव्हर वळला, पायरीवर पाय ठेवला, चढला. गाडी गेली. दुसरी आली. टर्र-टर्र, गेली. लाइनमधल्या ड्रायव्हरांनी आवाज ऐकला आणि मागच्या मागे इंजिनं सुरू व्हायला लागली, एकापाठोपाठ एक, पार रस्त्यापर्यंत. आता नंबर टाइप करायचा नव्हता, पावती फाडायची नव्हती, वजन तीन सेकंदांत. एका गाडीला दोन मिनिटं. जुन्या काट्यालाही हे कधी जमलं नव्हतं. लहानू बसक्या आवाजात म्हणाला, “ताई, मले आता कामच नाही राहिलं,” आणि त्याने इतक्या तासांत पहिल्यांदा चहा मागवला.

दीडला धर्मपालकाकांचा रोजचा फोन आला. जेवली का, असा. ताई म्हणाल्या, “बाबा, गाड्या चालून राहिल्या.” पलीकडून ते म्हणाले, “जेव आधी.” केबिनभर ऐकू आलं.

शेवटची गाडी पावणेसहाला उतरली. एकशे अठ्ठ्याण्णव. फाटकाबाहेर रस्ता मोकळा होता, एक कुत्रं तेवढं बसलं होतं. सर म्हणाले, “मला पहिल्यापासून खात्री होती,” आणि मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मोबाइल काढून बाहेर गेले. अनिमेष ताईंसमोर आला आणि वाकला. पायांना हात लावतोय हे कळायच्या आत लावून झाला होता.

“मैडम, हर सेकंद पूछने वाला मेरा तरीका होता तो आज ये प्रिंटर जुड़ता ही नहीं,” तो म्हणाला. “और नाम ‘हाक’ ही रहेगा.”

आणि राहिलं. त्याच्या कंपनीने पुढे नियम केला: त्यांच्या ॲपला जोडायचा असेल तर कुठल्याही विक्रेत्याच्या काट्याच्या इंटरफेसमध्ये ‘हाक’ असलीच पाहिजे, आणि कशी असावी त्यासाठी सत्यभामा रंगारी यांचे कागद बघावेत. नाव छापलेलं आहे. चमू नाही, नाव. ते पान मी मोठं करून छापून टेबलफॅनच्या मागच्या भिंतीवर लावलं आहे. आमचे एकसष्ट काटे आता अठ्ठ्याहत्तर झालेत. आता मला राउरकेल्याहून, जमशेदपूरहून दुसऱ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांचे फोन येतात, “मैडम, ये हाक क्या होता है?” मी खुर्चीत नीट बसते, पाणी पिते, आणि सुरुवातीपासून सांगते. घाई करत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही धर्मपालकाकांना काटा नंबर दोन दाखवायला नेलं. पांढरा सदरा, कडक इस्त्री, हातात काठी. लहानूने त्यांना बाहेर खुर्ची दिली, चहा दिला. गाडी चढली, ड्रायव्हर उतरला, प्रिंटर वाजला, गाडी गेली. काका बघत राहिले. तीन-चार गाड्या झाल्या. ताई माझ्याकडे बघायला लागल्या, आवडलं की नाही कळेना.

मग एक ट्रेलर चढला, ड्रायव्हर उतरला. लाल पाटीवरचे आकडे हलले, हळू झाले. काका काठी टेकून उभे राहिले. आकडे थांबले आणि त्यांनी मान वर करून, छाती भरून हाक मारली, “अट्ठाईस टन छह सौ दस!”

ड्रायव्हरने मागे वळूनही पाहिलं नाही. सरळ पायरीकडे निघाला. त्यानंतर प्रिंटर वाजला, एका श्वासाने मागे. मी केबिनमध्ये जाऊन स्क्रीन पाहिला. अठ्ठावीस टन सहाशे दहा.

ताईंचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. “बाबा, माह्या प्रोग्रामच्याही आधी?”

काका खाली बसले आणि चहाचा राहिलेला घोट घेतला. “तुह्या प्रोग्रामले शिकवलं कोणं?”